रुग्णाला कळले का, हे कोण विचारणार?

सरकारी दवाखान्याचा विषय निघाला की आपल्या भागात दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली रांगेची आणि दुसरी तेथील माणसांच्या बोलण्याची. दोन्ही खऱ्या आहेत आणि त्यांवर बोलूनही पुष्कळ झाले आहे. तिसरी एक तक्रार मात्र कोणी करीत नाही, कारण ती ज्याने करायची त्या रुग्णालाच तिचा पत्ता नसतो. डॉक्टरांना नमस्कार करून, औषधाची पिशवी हाती घेऊन तो समाधानाने गावची बस धरतो आणि घरी जाऊन गोळ्या चुकीच्या घेतो.

हे लिहिण्यास आमच्या घरातीलच एक प्रसंग कारणीभूत झाला. माझे चुलते पंच्याहत्तरीच्या पुढचे. मराठी चौथीपर्यंत शाळा, पुढे सारे आयुष्य शेतीत. कन्नड बाजारापुरते येते, म्हणजे बैलाचा सौदा करता येईल इतके. हातापायांचे सांधे सुजू लागले म्हणून त्यांना घेऊन एका मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलो. पहाटेची पहिली बस पकडली, तरी केसपेपरच्या खिडकीशी पोचेपर्यंत रांग फाटकाबाहेर गेलेली होती. केसपेपर झाला, डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले, ती दुसरी रांग. रिपोर्ट घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे, ही तिसरी. औषधाची खिडकी दुपारी बंद होईल या धास्तीने मी चौथ्या रांगेत आधीच जाऊन उभा राहिलो आणि चुलते आत एकटे गेले.

डॉक्टर तरुण होते, कन्नड बोलणारे होते आणि स्वभावाने अगदी मऊ होते. त्यांनी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी लिहून दिली. संधिवातावर ती जगभर वापरतात आणि गुणही चांगला येतो. मात्र ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तीच गोळी जिवावर बेतते. डॉक्टरांना याची पूर्ण जाणीव होती. ‘वारक्के ओंदे’ असे त्यांनी दोनदा, बोट वर करून बजावले. चुलत्यांनी मान डोलावली.

कन्नडमध्ये वार म्हणजे आठवडा. मराठीत वार म्हणजे सोमवार, मंगळवार.

आठनऊ दिवसांनी चुलत्यांच्या तोंडात फोड आले, पाणी गिळवेना. उष्णता झाली असेल म्हणून घरच्यांनी सब्जाचे पाणी देऊन पाहिले. मग ताप चढला. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्यांचे पाकीट मागितले, रिकामी झालेली घरे मोजली आणि काही न बोलता गाडी बोलवायला सांगितले. रक्तातील पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या. जीव वाचला, पण दोन आठवडे खाट सुटली नाही. थोडे बरे वाटल्यावर मी विचारले, ‘काका, रोज कशाला घेतलात?’ तर म्हणाले, ‘वाराला एक म्हटलेत की रे त्यांनी. सोमवारी एक, मंगळवारी एक. मी कुठला वार चुकवलो नाही बघ.’

आता यात दोष कोणाचा? डॉक्टरांनी सांगितले नाही असे म्हणता येत नाही. औषधाच्या खिडकीवरील माणसाने पाकिटावर इंग्रजीत दोन अक्षरे खरडली होती, म्हणजे त्यानेही आपले काम केले. चुलत्यांनी सांगितले ते तंतोतंत पाळले. उरलो मी. मला कन्नड येते, मी बी. एड. झालेला शिक्षक, आणि ती पिशवी तीन तासांच्या बसप्रवासात माझ्याच मांडीवर होती. ती उघडून पाहण्याचे मला सुचले नाही. कोणीही उर्मट बोलले नाही, कोणी लाच मागितली नाही, कोणी कामात कुचराई केली नाही, आणि तरीही माणूस मरता मरता वाचला. अशी चूक एखाद्या माणसाच्या नावावर टाकून भागत नाही. ती पद्धतीत आहे. चार रांगा, चार खिडक्या, आणि या सबंध वाटेवर ‘याला काय कळले?’ असे विचारणारी एकही जागा नाही.

मराठी आणि कन्नड या शेजारणी आहेत, आणि शेजारणींत उसनवारी चालायचीच. आपले तूप कन्नडमधून आले, अण्णा आणि अक्का आपण दोघेही म्हणतो. गोत्यात आणतात ते हेच दोन्हीकडे असलेले, अर्थाने वेगळे असलेले शब्द. साफ अनोळखी शब्द कानी पडला तर माणूस ‘काय म्हटलात?’ असे विचारतो. ओळखीचा वाटला तर विचारीत नाही. कन्नडमधले ‘ऊट’ म्हणजे जेवण. आपल्या म्हाताऱ्यांच्या कानाला ते ‘ऊठ’ लागते. मग जेवणानंतरची गोळी उठल्याबरोबर अनशापोटी घेतली जाते आणि पुढे महिनाभर पोटात आग होते म्हणून दुसरी गोळी सुरू होते. भाषा अजिबात येत नाही त्याच्यापेक्षा थोडी थोडी येते त्याला धोका अधिक, हे आम्ही शिक्षक वर्गात रोज पाहतो. दवाखान्यात ते वेगळे असण्याचे कारण नाही. त्यात आपल्या बायकांना, विशेषतः सासरी खेड्यात राहिलेल्या वयस्क बायकांना, बाजाराचे कन्नडही येत नाही. त्या मान डोलावतात. मोठ्या माणसासमोर ‘कळले नाही’ म्हणणे त्यांना अमर्याद वाटते.

अलीकडे रुग्णांचे समाधान मोजण्याचा प्रघात पडला आहे आणि तो चांगलाच आहे. केंद्र सरकारने २०१६ साली ‘मेरा अस्पताल’ या नावाने रुग्णांचा अभिप्राय घेणे सुरू केले. दवाखान्यातून परतलेल्या माणसाला मोबाईलवर विचारणा येते, समाधानी आहात की नाही. भिंतीवर सूचनापेटीही असते. आता कल्पना करा, माझ्या चुलत्यांना त्या संध्याकाळी कोणी विचारले असते, तर त्यांनी काय सांगितले असते? ‘डॉक्टर देवमाणूस आहेत, नीट बोललेत’ असेच सांगितले असते, आणि ते खरेच होते. रुग्णालयाच्या वहीत एक समाधानी रुग्ण जमा झाला असता. त्याऐवजी दारातून बाहेर पडताना एवढेच विचारले असते, की ‘काका, यातली कोणती गोळी कधी घ्यायची ते सांगा बघू’, तर चूक तिथल्या तिथे सापडली असती. समाधानाचे मोजमाप करायचेच असेल तर ते या प्रश्नाने करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. बाकीची विचारपूस शोभेची.

येथे कोणी म्हणेल, की मास्तरांनी फिरून फिरून भाषेच्याच प्रश्नावर आणले. होय, आणले. पण नियम काय सांगतात तेही पाहावे. सरकारी रुग्णालयांच्या दर्जासाठी केंद्राने २०१३ साली राष्ट्रीय गुणवत्ता मानके लागू केली. त्यांत रुग्णाच्या हक्कांचा स्वतंत्र विभाग आहे आणि माहिती स्थानिक भाषेत, समजेल अशी असावी, अशी अपेक्षा त्यात नोंदलेली आहे. तपासणीस येणारा अधिकारी फलक पाहतो, फलक कन्नडमध्ये असतो, कन्नड ही राज्याची भाषा, तेव्हा खूण करून तो पुढे जातो. पण खानापूर तालुक्यातील गावाची स्थानिक भाषा कोणती, हे राज्याच्या राजधानीत बसून ठरवायचे की त्या गावच्या चावडीवर? राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेने हा घोळही ठेवलेला नाही. २०१८ साली तिचा मसुदा प्रसिद्ध झाला आणि २०१९ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना त्याविषयी कळवले. आजाराची व उपचाराची माहिती रुग्णाला त्याच्या आकलनाप्रमाणे आणि त्याला येत असलेल्या भाषेत द्यावी, असे ती सनद म्हणते. राज्याची भाषा, राष्ट्राची भाषा असा शब्द तेथे नाही. रुग्णाला येणारी भाषा, इतकेच.

शस्त्रक्रियेच्या संमतीपत्राचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. संमती खरी ठरण्यासाठी रुग्णाला पुरेशी माहिती मिळालेली असली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्यात सांगितले आहे. जो कागद वाचता येत नाही त्याच्यावर उठवलेला अंगठा म्हणजे संमती, असे ज्यांना वाटते त्यांनी तो निकाल जरूर पाहावा.

आपल्या वाचकांना जुनी गोष्ट पुन्हा सांगायला नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण ज्या राज्यात गेलो तेथे आपण भाषिक अल्पसंख्य ठरलो. त्याच वर्षी केंद्राने भाषिक अल्पसंख्याकांसाठी संरक्षणाचे निवेदन काढले, १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत त्याला पुष्टी मिळाली, आणि जेथे जिल्हा, तालुका वा नगरपालिका या पातळीवर अल्पसंख्याकांची संख्या १५ टक्के किंवा अधिक असेल तेथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत असे ठरले. सातबारा, मतदारयादी, ग्रामपंचायतीच्या नोटिसा यांसाठी आपण या तत्त्वाचा आधार घेऊन किती निवेदने दिली याची गणती नाही. दवाखान्यातल्या गोळीच्या पाकिटासाठी मात्र एकही दिल्याचे मला आठवत नाही. मी स्वतः अशा शिष्टमंडळांत गेलेलो आहे, तेव्हा हे दुसऱ्या कोणाला उद्देशून लिहीत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. महाराष्ट्रात जत आणि अक्कलकोट या तालुक्यांत कन्नड बोलणारी कितीतरी गावे आहेत. तेथल्या आजीला मराठी डॉक्टरने ‘आठवड्यातून एकदा’ सांगितले तर तिला काय कळत असेल? जे आपण इकडे मागतो ते तिला तिकडे मिळावे, असे म्हणण्याची आपली तयारी असली पाहिजे. नाहीतर आपली मागणी मागणी राहत नाही, नुसती कुरकुर होते.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याचा निकाल काय लागेल तो लागो. रक्तदाबाची गोळी तोवर थांबत नाही. आपल्या लोकांनी आपल्यापुरता एक मार्ग काढला आहे. निपाणीकडची माणसे कोल्हापूरला सीपीआरमध्ये जातात, चिकोडी-अथणीकडची मिरजेला जातात. मिरजेला डॉ. वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दवाखाना काढला तेव्हापासून ती वाट पडलेली आहे. खानापूरकडून गोव्यात बांबोळीला जाणारेही पुष्कळ. यात औषधपाण्याइतकाच बोलण्याचा भाग असतो. ‘तिकडं आपलं बोलणं कळतं’ असे लोक सांगतात. पण बांबोळीत २०१८ सालापासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना पैसे भरावे लागू लागले. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांसाठी लागू केली, त्यावरून केवढे वादंग झाले तेही आपण पाहिले. ती योजना मोठ्या शस्त्रक्रिया व उपचारांसाठी आहे आणि ज्यांना लाभ मिळाला त्यांना तिचे मोल कळते. परंतु साखरेच्या, रक्तदाबाच्या, थायरॉईडच्या गोळ्या दर महिन्याला आणणाऱ्या माणसाने दर महिन्याला कोल्हापूर गाठावे काय? त्याचा दवाखाना जवळचाच असणार, आणि तेथलीच पद्धत सुधारावी लागेल.

पद्धत सुधारणे म्हणजे इमारत बांधणे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एका पानाची यादी तयार केली. तिच्यात एकोणीस बाबी. भूल देण्याआधी, कापण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी त्या मोठ्याने विचारायच्या. माणूस तोच आहे ना, शस्त्रक्रिया कशाची आहे, कोणत्या बाजूची आहे, असले प्रश्न. जगातल्या आठ शहरांतील आठ रुग्णालयांत, ज्यांत दिल्लीचेही एक होते, ही यादी वापरून पाहिली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. त्या यादीतला पहिलाच प्रश्न रुग्णाला विचारायचा आहे, की त्याने आपली ओळख, जागा आणि संमती सांगावी. ज्या भाषेत त्याला उत्तर देता येत नाही त्या भाषेत तो विचारला तर त्याचा उपयोग काय?

आमच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आरोग्य रक्षा समितीत मी सदस्य आहे. इतर राज्यांत जिला रुग्ण कल्याण समिती म्हणतात तीच ही. चुलत्यांच्या दुखण्यानंतर जी बैठक झाली तीत मी दोन गोष्टी मांडल्या. केसपेपर काढतानाच रुग्णाला विचारावे, बोलणे कोणत्या भाषेत कळते. आणि उत्तर मराठी आले तर कोपऱ्यात ‘म’ असा शिक्का मारावा. म्हणजे पुढच्या प्रत्येक खिडकीला ते आपोआप कळते, रुग्णाला चार ठिकाणी लाजावे लागत नाही. दुसरी गोष्ट औषधाच्या चिठ्ठीची. सूर्य उगवताना, सूर्य डोक्यावर आणि चंद्र अशी तीन चित्रे, प्रत्येकापुढे भरलेले ताट किंवा रिकामे ताट. आणि आठवड्याच्या गोळीसाठी सात वारांची सात घरे, मराठीत व कन्नडमध्ये, त्यांपैकी एकच रंगवलेले. अशी छापील चिठ्ठी प्रत्येक औषधाला जोडावी.

एका सदस्याने विचारले, हे भाषेचे राजकारण इथे कशाला? वैद्यकीय अधिकारी विजापूरकडचे, मराठीचा गंध नसलेले. मला वाटले तेही उडवून लावणार. पण ते म्हणाले, मराठी मला येत नाही, चित्र काढता येते. आणखी त्यांनीच भर घातली, की औषध देणाऱ्याने शेवटी रुग्णाकडूनच वदवून घ्यावे. त्याने मराठीत सांगितले तरी चालेल, वार मोजताना बोटे तर दिसतात! वर्गात आपण मुलाकडून पाढा म्हणवून घेतो तसेच हे, मात्र तीस वर्षे शिकवूनही ते मला सुचले नव्हते.

शिक्का तयार झाला. चिठ्ठ्या आमच्या सातवीच्या मुलांनी काढल्या. ताटातली भाकरी काही ठिकाणी ताटापेक्षा मोठी झाली आहे, पण चालते. नुसत्या महिन्याच्या गोळ्या न्यायला येणाऱ्यांसाठी आठवड्यातून एक दिवस वेगळा ठेवला, त्यामुळे बाकीच्या दिवसांची रांग कमी झाली आणि औषध देणाऱ्याला प्रत्येकाशी दोन मिनिटे बोलायला सवड मिळू लागली. रांग आणि भाषा हे दोन प्रश्न निराळे नाहीत, हे मला तेव्हा कळले. मागे पन्नास माणसे उभी असताना कोणता कंपाउंडर ‘परत सांगा बघू’ म्हणेल?

सर्व काही सुरळीत झाले असे मुळीच नाही. नवी परिचारिका आली की शिक्का खणात जातो. तालुक्याच्या दवाखान्याला हीच सूचना लेखी दिली, तिची पोच मिळाली, उत्तर नाही. जेथे चुलत्यांना नेले होते त्या मोठ्या रुग्णालयाला मराठी फलकासाठी अर्ज केला, त्याचे तर पोचही नाही. तेथे मात्र चित्रांच्या चिठ्ठ्यांनी भागणार नाही. जेथे दिवसाला शेकडो माणसे येतात तेथे मराठी समजणारा एक माणूस कामाच्या वेळेत बसवावा लागेल, आणि संमतीपत्राचा मराठी मसुदा अधिकृतपणे छापावा लागेल. तो छापणे सरकारचे काम आहे, आणि ते आपण १५ टक्क्यांच्या तत्त्वाने मागितले पाहिजे. पुढच्या निवेदनात सातबाऱ्याच्या शेजारी ही ओळ असावी.

खेड्यापुरते मात्र कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही. गावोगावी ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती आहे आणि तिला वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत मुक्त निधीची तरतूद आहे. शिक्का आणि छपाई त्यातल्या किरकोळ रकमेत बसते. आशा कार्यकर्ती बहुतेक गावचीच, आपल्याच बोलीची असते. दवाखान्यातून आलेल्या म्हाताऱ्या माणसाची पिशवी तिने दुसऱ्या दिवशी एकदा उघडून पाहिली तरी पुष्कळ होईल. घरातल्या शिकलेल्या मुलांनी तर ती बसमध्येच उघडावी.

आमच्या चिठ्ठीचा नमुना ज्या गावांना हवा असेल त्यांनी रविवार सोडून कोणत्याही दिवशी दुपारच्या सुट्टीत शाळेत येऊन न्यावा. झेरॉक्सचे पैसे तेवढे बरोबर आणावेत.